ओसूचा पहिला बीटमॅप कसा करावा

ओसू म्हणजे गाण्याच्या तालावर टिचक्या मारायचा संगणकावरचा खेळ. तो खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच, की आपल्या आवडत्या गाण्याचा बीटमॅप, म्हणजे त्या गाण्यावर कधी-कुठे टिचकी मारायची याची मांडणी (थोडक्यात मॅप), कुणी केला का नाही? त्याचं कारण असं, की या खेळातले मॅप कुठली कंपनी करत नाही, खेळणारेच करतात. डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने २००७ साली हा खेळ आणला. तो आजही फुकट आहे आणि मॅप करायचा एडिटर खेळाच्या आतच मिळतो. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. कान आणि चिकाटी मात्र घरून आणावी लागते.

कधीच न खेळलेल्यांसाठी दोन ओळी. गाणं सुरू होतं आणि पडद्यावर गोल उमटतात. प्रत्येक गोलाभोवती एक कडं आकसत येतं, ते गोलाला टेकलं की नेमकी तेव्हाच टिचकी मारायची. काही गोल लांबट असतात, त्यांना धरून ओढत न्यायचं, ते स्लायडर. मधूनच गरागरा फिरवायची चकती येते, ती स्पिनर. हे सगळं कुठे आणि कधी उमटायचं हे ठरवणं म्हणजे मॅपिंग.

गाणं निवडताना

आवडतं गाणं घ्या, कारण ते दोनशे वेळा ऐकावं लागणार आहे. पण पहिल्या मॅपसाठी दीड-दोन मिनिटांचं आणि लय न हलणारं गाणं बरं. संगणकावर तयार झालेल्या गाण्याची लय बहुधा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असते. जुनं मराठी चित्रपटगीत किंवा मिरवणुकीतला ढोल-ताशा घेतलात, तर वाजवणारी माणसं रंगात येऊन कधी पुढे सरकली हे त्यांनाही कळलेलं नसतं. ऐकायला तीच तर मजा असते. मॅपमध्ये मात्र दर दोन-चार आवर्तनांनी टाइमिंग नव्याने बसवावं लागतं आणि नवशिक्या तिथेच कंटाळतो. ते दुसऱ्या-तिसऱ्या मॅपसाठी ठेवा. हक्कांची काळजी असेल तर खेळाच्या अधिकृत साइटवर ‘फीचर्ड आर्टिस्ट’ अशी यादी आहे. त्यातली गाणी मॅपिंगसाठी परवाना घेऊन दिलेली आहेत.

एमपीथ्री फाइल एडिटरमध्ये टाका, सेटअपच्या पानावर गाण्याचं आणि गायकाचं नाव भरा, मागे एखादं चित्र लावा. हे पाच मिनिटांचं काम.

टाइमिंग: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

टाइमिंग म्हणजे दोन आकडे. एक बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके. दुसरा ऑफसेट, म्हणजे पहिला ठोका फाइल सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंदांनी पडतो. १२० बीपीएम असेल तर दोन ठोक्यांत ५०० मिलिसेकंदांचं अंतर, आणि ठोक्याचा पाव भाग १२५ मिलिसेकंदांचा. एडिटर याच हिशोबाने टाइमलाइनवर रेघा आखतो आणि तुमचे गोल त्या रेघांवर चिकटतात. रेघाच चुकल्या तर गोल कितीही सुंदर मांडा, खेळणाऱ्याला ‘काहीतरी खटकतंय’ एवढंच जाणवणार.

टाइमिंगच्या पानावर ठोक्याबरोबर बटण दाबत राहिलात की बीपीएमचा अंदाज मिळतो. आकडा १७९.६ वगैरे आला तर १८० टाकून बघा, संगणकावरच्या गाण्यांचा बीपीएम बहुधा पूर्णांकच असतो. ९० आणि १८० यांत गोंधळ होतो, तेव्हा ढोलाच्या मुख्य ठोक्याकडे लक्ष द्या. मग मेट्रोनोम सुरू करून गाण्याचा वेग २५ टक्क्यांवर आणा आणि डोळे मिटून ऐका. मेट्रोनोमची टकटक आणि तालवाद्याचा ठोका असे दोन आवाज ऐकू आले तर ऑफसेट पाच-पाच मिलिसेकंदांनी सरकवा. दोन्ही मिळून एकच आवाज झाला की जमलं. आता गाण्याच्या शेवटी जाऊन पुन्हा ऐका. सुरुवातीला जुळतंय आणि शेवटी नाही, याचा अर्थ बीपीएम किंचित चुकलाय.

माझ्या पहिल्या मॅपची गंमत सांगतो. टाइमिंग झालं, अर्धा मॅपही झाला, आणि मग फाइल मोठी वाटली म्हणून मी एमपीथ्री पुन्हा कन्व्हर्ट करून लहान केली. दुसऱ्या दिवशी सगळंच अडखळायला लागलं. एमपीथ्रीची एक फ्रेम ११५२ नमुन्यांची असते, म्हणजे ४४,१०० हर्ट्झला साधारण २६ मिलिसेकंदांची. कन्व्हर्ट करताना सुरुवातीला अशी थोडी शांतता भरली जाते आणि अख्खं गाणं मागे सरकतं. मी दोन संध्याकाळी एकेक गोल हाताने सरकवत बसलो होतो. टाइमिंग बदललं की मांडलेले गोलही सोबत हलवायचे का, याची टिक त्याच पानावर असते, हे नंतर कळलं! तेव्हा फाइल काय करायची ती आधी करा, मग टाइमिंग.

गोल मांडताना

कंपोजच्या पानावर या. मैदान ५१२ बाय ३८४ चं आहे, मग तुमचा मॉनिटर केवढाही असो. सेव्ह केलेला मॅप म्हणजे साधी मजकुराची फाइल. नोटपॅडमध्ये उघडलीत तर प्रत्येक गोलाची एक ओळ दिसेल. ‘२५६,१९२,१०००’ अशी ओळ सुरू झाली तर समजायचं, गोल मैदानाच्या बरोबर मध्ये आहे आणि एका सेकंदाला टिचकी आहे. बाकी जादू काही नाही.

अवघड भाग असतो कशाच्या मागे जायचं हे ठरवण्याचा. गाण्यात एकाच वेळी ढोलक, गिटार, गायिका सगळेच असतात. नवा मॅपर ऐकू येईल त्या प्रत्येक आवाजावर गोल ठेवतो आणि मग कशालाच अर्थ राहत नाही. एक कडवं गायिकेच्या मागे जा, मधल्या संगीतात तालवाद्य धरा. ज्या जागी आवाजच नाही तिथे निव्वळ कठीण करायला गोल टाकू नका. खेळणाऱ्याला ते लगेच कळतं.

स्लायडरची चूक तर मी इतक्यांच्या मॅपमध्ये पाहिली आहे! केरवा मनात म्हणा: धा गे ना ती, न क धी न. समजा ‘धी’वर स्लायडर सुरू केलात आणि पुढच्या आवर्तनाच्या ‘धा’वर संपवलात. दिसायला छान दिसतं. पण स्लायडरच्या टोकाला टिचकी नसते, बोट नुसतं धरलेलं असतं. म्हणजे अख्ख्या आवर्तनातला सर्वांत जोरकस ठोका, खुद्द सम, खेळणाऱ्याच्या हातातून निसटली. उलट करा: समेवर स्लायडर सुरू करा आणि ‘ना’सारख्या हलक्या जागी संपवा. टिचकी जोरावर, टोक हलक्यावर. दादऱ्यातलं गाणं असेल तर आणखी एक गोष्ट. ठोक्याचे तीन भाग पडत असतील तर स्नॅप, म्हणजे गोल ठोक्याच्या कितव्या भागाच्या रेघांना चिकटायचे ते, पावाऐवजी तिसऱ्या भागावर ठेवा, नाहीतर कान एक सांगेल आणि रेघा दुसरंच.

गोलांमधलं अंतर वेळेच्या प्रमाणात ठेवा. वेळ दुप्पट तर अंतर दुप्पट. डिस्टन्स स्नॅप चालू केलंत की एडिटरच हे सांभाळतो, आणि सोप्या मॅपसाठी तेच योग्य. दर आवर्तनाला क्यू दाबून नवा कॉम्बो, म्हणजे एका रंगाच्या गोलांची नवी साखळी, सुरू करा, म्हणजे रंग बदलतो आणि खेळणाऱ्याला ओळ कुठे तुटली ते दिसतं. डब्ल्यू, ई आणि आर या कळांनी शिटी, झांज आणि टाळीचे आवाज जोडता येतात. टाळी दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला, झांज मोठ्या समेला, एवढं धोरण पुरे.

मग काठिण्याचे आकडे. ॲप्रोच रेट ५ ठेवला तर गोल टिचकीच्या १२०० मिलिसेकंद आधी दिसायला लागतो, ९ ठेवला तर फक्त ६००. गोल दाट असतील तर कमी रेटला पडदा गजबजून जातो. सोपा मॅप म्हणून रेट ३ ठेवायचा आणि गोल मात्र धबाधब टाकायचे, ही जोडी जमत नाही.

दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा झाला की खेळून बघा. पण मॅप तुमचाच असल्याने तो तुम्हाला पाठ असतो, म्हणून दोन दिवस सोडून पुन्हा खेळा. त्याहून बरं म्हणजे तुमच्याहून कच्च्या मित्राला द्या आणि तो कुठे चुकतो ते नुसतं बघा, तोंड उघडू नका. एकाच जागी तीनदा चुकला तर तिथे बहुधा मॅपच चुकलेला असतो.

अपलोड केल्यावर इतर मॅपर मिनिट-सेकंद-मिलिसेकंद लिहून चुका दाखवतात, त्याला मॉडिंग म्हणतात. त्याबदल्यात तुम्हीही त्यांचे मॅप तपासून द्यायचे असा शिरस्ता आहे. रँक्ड व्हायला, म्हणजे मॅपला खेळाची अधिकृत मान्यता मिळायला, दोन नॉमिनेटरांची (मॅप पारखून पुढे पाठवणाऱ्यांची) पसंती आणि त्यानंतर किमान सात दिवसांची वाट, एवढं लागतं. पहिल्या मॅपचं तसं काही होईल ही आशा धरू नका. २८ दिवस काही बदल झाला नाही की मॅप ज्या खान्यात जातो त्याला तिथे चक्क ‘ग्रेव्हयार्ड’ म्हणतात. माझे तीन तिथेच आहेत. पण सुधारून पुन्हा अपलोड केला की तो तिथून उठून परत ‘पेंडिंग’मध्ये, म्हणजे मान्यतेची वाट बघणाऱ्या मॅपांमध्ये, येतो.