वेबसाइट दिसते, पण बोलत नाही : या चुका टाळा

माझे मामा गिरगावात राहतात. काचबिंदूमुळे पन्नाशीतच त्यांची दृष्टी गेली. पुढे बँकेत टेलिफोन ऑपरेटरचं काम करून ते निवृत्त झाले. गेल्या मे महिन्यात त्यांच्या इमारतीची टाकी धुवायची होती, म्हणून मंगळवारी दिवसभर पाणी बंद होतं. सोसायटीच्या वेबसाइटवर दोन दिवस आधी नोटीस लागली, लोकांनी पिंपं भरून ठेवली. मामी गावी गेली होती. मामांच्या घरात मात्र तांब्याभरसुद्धा पाणी नव्हतं. वेबसाइट त्यांनी रोजच्याप्रमाणे उघडली होती, संगणक ती त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, पण नोटिशीच्या जागी त्यांना ऐकू आलं ते एवढंच : "ग्राफिक, आयएमजी, शून्य शून्य चार सात."

ती वेबसाइट मी बनवलेली आहे.

पुढच्या रविवारी त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्या शेजारी वही घेऊन बसलो. माऊसला हात न लावता, पडद्याकडे न बघता ते माझी वेबसाइट वापरत होते आणि मी लिहून घेत होतो. खालच्या बऱ्याचशा चुका त्या वहीतल्या आहेत. त्यानंतर इतरांच्या मराठी वेबसाइट तपासल्या, तिथेही त्याच भेटल्या. वेबएम ही अमेरिकेतली संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइटची मुख्य पानं तपासते. २०२५ मध्ये त्यातल्या ९४.८ टक्के पानांवर चुका निघाल्या. सर्वांत जास्त आढळलेल्या सहा चुका अशा : फिकट अक्षरं, चित्राला वर्णन नसणं, फॉर्मच्या रकान्याला नाव नसणं, रिकाम्या लिंक, रिकामी बटणं आणि पानाची भाषा न सांगणं. मराठी वेबसाइटवर यात आपल्या खास चुकांची भर पडते. आधी त्याच घेतो.

नोटीस चित्रात अडकलेली

मराठी टाइप करायचा कंटाळा, म्हणून लेटरहेडवर नोटीस छापायची, सही-शिक्का मारायचा, मोबाइलने फोटो काढायचा आणि तो वेबसाइटवर चढवायचा. शाळा, मंडळं, वाचनालयं, सोसायट्या, सगळीकडे हीच रीत आहे. डोळ्यांना तो कागद दिसतो. पण स्क्रीन रीडर हे पानावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर आहे आणि त्या चित्रात त्याच्यासाठी मजकूरच नसतो. चित्राचं वर्णन, म्हणजे ऑल्ट, दिलेलं नसेल तर ते बऱ्याचदा फाइलचं नाव वाचतं.

ऑल्टमध्ये "नोटीस" एवढंच लिहून ही चूक सुधारत नाही. नोटीस आहे हे कळेल, पाणी कधी बंद हे कळणार नाही. अख्खी नोटीस ऑल्टमध्ये कोंबणंही बरोबर नाही, कारण ती सलग एका दमात वाचली जाते, मध्ये थांबून तारीख किंवा वेळ पुन्हा ऐकणं अवघड जातं. मजकूर पानावर मजकूर म्हणूनच टाका आणि सही-शिक्क्याचा फोटो हवाच असेल तर खाली जोडा. चित्र नुसतं शोभेचं असेल, कोपऱ्यातली वेलबुट्टी वगैरे, तर ऑल्ट रिकामा ठेवा. रिकामा ठेवणं आणि मुळात न देणं यांत फरक आहे : रिकामा ऑल्ट असलेलं चित्र स्क्रीन रीडर गुपचूप ओलांडून पुढे जातो.

अक्षरं मराठी, आत भलतंच

सोसायटीच्या उपविधींची पीडीएफ मामांनी उघडली आणि यंत्र इंग्रजी अक्षरं सुटी सुटी वाचू लागलं. मी पडद्यावर पाहिलं तर स्वच्छ मराठी दिसत होतं. कारण जुना फॉन्ट. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी आजची पद्धत म्हणजे युनिकोड. कृतिदेव, श्रीलिपी अशा युनिकोडपूर्व पद्धतींत कळफलकावरच्या इंग्रजी अक्षरांना आणि खुणांना देवनागरीचा नुसता मुखवटा चढवलेला असतो. कृतिदेवमध्ये "मराठी" हा शब्द आतून ई, जे, के, बी, एच अशा पाच इंग्रजी अक्षरांचा असतो. फॉन्ट तो मुखवटा डोळ्यांना दाखवतो, स्क्रीन रीडर मात्र आतली अक्षरं वाचतो. असा मजकूर गूगललाही सापडत नाही आणि त्यात शब्द शोधताही येत नाही.

हे ओळखायला अर्धा मिनिट पुरतो. पीडीएफमधला एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली तर फॉन्ट जुना आहे. काहीच निवडता आलं नाही तर ती स्कॅन केलेली चित्रं आहेत. पहिल्या बाबतीत युनिकोड परिवर्तक वापरा, पण नंतर माणसाने डोळ्यांखालून घाला, कारण जोडाक्षरं आणि रफार यांत परिवर्तक हमखास चुकतात. दुसऱ्या बाबतीत ओसीआर करा, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरकडून ओळखून घ्या, आणि तेही तपासा.

युनिकोडमध्ये बनवलेल्या पीडीएफमधूनही देवनागरी कॉपी करताना बऱ्याचदा काना-मात्रा इकडेतिकडे होतात, आणि स्क्रीन रीडरलाही ती तशीच मिळते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जे लोकांनी वाचावं असं वाटतं, ते साध्या वेबपानावर ठेवा आणि पीडीएफ छापून घेणाऱ्यांसाठी बाजूला द्या. वर्डमधून पीडीएफ काढताना "प्रिंट"ने न काढता "सेव्ह ॲज"ने काढा, म्हणजे मथळे आणि तक्ते यांच्या खुणा टिकवता येतात.

पान कुठल्या भाषेत आहे, हे पानालाच ठाऊक नाही

तयार टेम्प्लेट घेतलं की पानाच्या पहिल्याच ओळीत भाषा इंग्रजी लिहिलेली असते. आपण मजकूर मराठीत भरतो, ती ओळ तशीच राहते. मग स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हवाली करतो. काही आवाज देवनागरी दिसताच गप्प होतात, काही एकेक अक्षर सुटं वाचतात. माझ्या पानावर मी हिंदी टेम्प्लेट वापरलं होतं. मामांना सगळं ऐकू येत होतं, पण देखभाल खर्चाचे २५ रुपये "पच्चीस" होत होते. त्यांनी थांबून विचारलं, "अरे, सोसायटी आपली आणि हिशेब हिंदीत का रे?"

उपाय एका शब्दाचा आहे : पानाच्या कोडमध्ये, म्हणजे एचटीएमएलमध्ये, लँग या जागी मराठीचा कोड, "एमआर", लिहा. पानात मध्येच इंग्रजी परिच्छेद असेल तर तेवढ्या परिच्छेदाला इंग्रजीचा कोड द्या. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आहे. तो आवाज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला रुक्ष वाटतो. मामा तो इतक्या वेगात ऐकतात की मला शब्दही पकडता येत नाहीत.

माऊस बाजूला ठेवा

मामांच्या बोटांकडे बघताना एक गोष्ट मला पहिल्यांदाच समजली. ते पान वरपासून खालपर्यंत ऐकत नाहीत, उड्या मारतात. एच दाबून मथळ्यावरून मथळ्यावर, के दाबून लिंकवर, बी दाबून बटणावर. दादरला उतरणारा माणूस गाडीत प्रत्येक खांब मोजत बसत नाही, "पुढील स्टेशन दादर" ऐकलं की दाराकडे सरकतो. पानावरचे मथळे म्हणजे तीच घोषणा. मी मात्र मथळे म्हणून साध्या परिच्छेदातली अक्षरं मोठी आणि ठळक केली होती. मामा एच दाबत राहिले आणि यंत्र सांगत राहिलं की पुढे मथळा नाही.

लिंकची गत तीच. त्यांनी लिंकची यादी उघडली आणि ऐकू आलं : "येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, अधिक वाचा, येथे क्लिक करा." कुठली लिंक कशाची, हे कळायला मार्ग नाही. "जून महिन्याचं बिल पाहा" असं लिहिलं की यादीतही अर्थ लागतो.

"तक्रार नोंदवा" हे बटण तर त्यांना सापडलंच नाही. ते बटणासारखं दिसत होतं, पण आतून साधा डिव्ह, म्हणजे कोडमधली नुसती चौकट, होता, क्लिकला जोडलेला. टॅब त्याच्यावर थांबत नाही, एंटर दाबून काही होत नाही. इथे खरा बटन टॅग, म्हणजे कोडमधली बटणाचीच खूण, वापरला की टॅब, एंटर, स्पेस सगळं आपोआप मिळतं. डिव्हवर एरियाच्या, म्हणजे "हे बटण आहे" असं स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या, चिठ्ठ्या डकवून तेच काम करू बघणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तो वेळ खरा टॅग टाकण्यात घालवा. चुकीचा एरिया हा एरिया नसण्यापेक्षा वाईट, कारण तो यंत्राकडून खोटं बोलवून घेतो.

ज्यांना दिसतं पण हात थरथरतो, किंवा ज्यांना माऊस धरता येत नाही, तेही टॅबनेच फिरतात. आपण कुठे आहोत हे त्यांना निवडलेल्या जागेभोवतीच्या चौकटीवरून कळतं. "दिसायला बरं नाही" म्हणून डिझायनर ती चौकट काढून टाकतात. काढू नका. रंग आवडत नसेल तर बदला.

फॉर्म : इथे माणसं सर्वांत जास्त अडकतात

रकान्याचं नाव रकान्याच्या आतच फिकट अक्षरांत लिहायची फॅशन आहे. टाइप करायला लागलं की ते नाव गायब. अर्ध्यात फोन वाजला आणि परत आलं, तर कुठल्या रकान्यात काय लिहायचं ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. लेबल बाहेर, वरच्या बाजूला, आणि रकान्याला कोडमध्ये जोडलेलं हवं.

चुकलेला रकाना नुसता लाल करू नका. रंग न ओळखणाऱ्याला आणि न बघणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. "मोबाइल नंबर १० अंकी हवा" असं शब्दांत लिहा आणि तो संदेश त्याच रकान्याला जोडा.

जन्मतारखेला कॅलेंडर उघडतं आणि १९५५ साल गाठायला महिना महिना मागे जावं लागतं, हे मी मामांना करताना पाहिलं. सहा मिनिटांनी त्यांनी हात टेकले. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने द्या. ओटीपीची मुदत ३० सेकंदांची ठेवाल, तर फोनवर तो ऐकून लॅपटॉपवर टाइप करेपर्यंत ती संपते. मुदत वाढवून मिळायला हवी. वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा तर अंध माणसाला सरळ दारातूनच परत पाठवतो.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावून दाखवा, अशी अट असते. ॲसिड हल्ल्यात डोळे भाजलेल्या माणसाने ते कसं करायचं? अशा पीडितांच्या आणि एका अंध व्यक्तीच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल आला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि केवायसी सर्वांना करता यावी म्हणून २० निर्देश दिले.

मोठं केलं की वेलांटी कापली जाते

कमी दिसणारी माणसं अक्षरं मोठी करून वाचतात. वेबच्या डब्ल्यूसीएजी या निकषांनुसार मजकूर २०० टक्के मोठा केला तरी तो पूर्ण वाचता आला पाहिजे. इंग्रजी टेम्प्लेटमध्ये चौकटींची उंची ठरलेली असते आणि ओळींमधलं अंतर कमी. देवनागरीत वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार. मोठं करताच वरखाली दोन्हीकडून अक्षर छाटलं जातं, "किती"चं "कती" होतं. चौकटीला ठरावीक उंची देऊ नका, ओळींमधलं अंतर दीडपटीच्या वर ठेवा. इंग्रजी शीर्षकांसाठी असलेलं अक्षरांमधलं जादा अंतर मराठीला लावू नका, शिरोरेषा तुटते. आणि मोबाइलवर बोटांनी मोठं करणं बंद करणारी ओळ टेम्प्लेटमध्ये असेल तर ती आजच काढा.

फिकट करड्या अक्षरांबद्दल थोडक्यात. पांढऱ्यावर #९९९९९९ या कोडचा करडा घेतला तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं गुणोत्तर जेमतेम २.८ येतं, लागतं ४.५. #७७७७७७ सुद्धा ४.४८ वर काठावर नापास होतो. #५९५९५९ घ्या, निश्चिंत राहा. भर दुपारी बसस्टॉपवर फोन बघणाऱ्या प्रत्येकाला त्याचा फायदा होतो.

ऐकू न येणाऱ्यांसाठी व्हिडिओला मराठी कॅप्शन, म्हणजे खाली दिसणारे संवाद, द्या आणि यंत्राने काढलेली कॅप्शन माणसाकडून दुरुस्त करून घ्या, विशेषतः नावं आणि आकडे. आणि संपर्काला फक्त फोन नंबर नको, ईमेल किंवा मेसेजची सोय हवीच. कर्णबधिर माणूस तुम्हाला फोन कसा करणार?

विजेट टाकून सुटका नाही

कोपऱ्यात चाकखुर्चीचं चिन्ह असलेलं बटण बसवा, वेबसाइट आपोआप सुगम होईल, अशी जाहिरात तुम्हीही पाहिली असेल. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये असाच दावा करणाऱ्या एका कंपनीला १० लाख डॉलर भरायला लावले. वरच्या चुकांपैकी चित्रातली नोटीस, कृतिदेव, अर्थहीन लिंक यांतली एकही चूक अशा बटणाने भरवशाने सुधारत नाही.

तपासणीसाठी ब्राउझरमधलं लाइटहाउस, वेव्ह, ॲक्स ही साधनं मोफत आहेत. ती वापरा, पण १०० गुण मिळाले म्हणून थांबू नका. ऑल्ट आहे का, एवढं यंत्राला कळतं. त्यात लिहिलेलं खरं आहे का, हे कळत नाही. माझी पद्धत आता अशी आहे : आधी माऊस काढून फक्त कीबोर्डवर पूर्ण काम करून बघायचं, मग फोनवर टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइडमधला स्क्रीन रीडर, चालू करून पडदा झाकायचा आणि तेच काम करायचं, आणि शेवटी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला बोलावून, त्याच्या वेळेचे पैसे देऊन, शेजारी गप्प बसायचं. मदत करावीशी वाटते तिथे हमखास चूक असते.

सोसायटीच्या वेबसाइटवर शेवटचा बदल मी नोटीस चढवण्याच्या पानावर केला. तिथे मजकुराचा रकाना भरल्याशिवाय फोटो चढतच नाही. पहिल्या आठवड्यात सेक्रेटरींचे मला दोन फोन आले. आता ते मोबाइलला तोंडी सांगून मराठी टाइप करतात आणि फोटो काढायचं त्यांनी सोडून दिलं आहे. ऑगस्टमध्ये पुन्हा पाणी बंद झालं, तेव्हा आदल्या रात्री मामांनीच मामीला उठवून पिंप भरायला लावलं.