मराठवाड्यात अर्थशास्त्रात पीएचडीला येताय? विषय ठरवायची घाई नको

दरवर्षी पीएचडी प्रवेशाची जाहिरात निघाली की माझा फोन वाजायला लागतो. कोकणातली पोरं, कोल्हापूर-सांगलीकडची, अधूनमधून चंद्रपूरचं कुणी. प्रश्न एकच, "मॅडम, गाइड मिळेल का?" बाकीचं कुणी विचारत नाही आणि पुढे अडतं ते त्या बाकीच्यातच. मी रत्नागिरीकडून इथं आले, पीएचडी केली, इथंच कॉलेजवर लागले. आता माहेरचे मला 'मराठवाड्याची' म्हणतात. तेव्हा सांगायचा थोडा हक्क आहे असं धरून लिहिते.

इथं मुख्य विद्यापीठं दोन. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ 1958 चं. संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव त्याच्याकडे. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ 1994 चं. त्याच्याकडे नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर. तुमचा गाइड विद्यापीठाच्या विभागातच असेल असं नाही. एखाद्या कॉलेजच्या रिसर्च सेंटरला असला तर तुमचा मुक्काम अंबाजोगाईला नाहीतर उदगीरला पडायचा. सेंटर कुठल्या गावात आहे ते कळेपर्यंत शहरात खोलीचं डिपॉझिट भरू नका.

नियम यूजीसीच्या 2022 च्या विनियमांत आहेत, ते मुळातून वाचा, सिनियरच्या तोंडून ऐकू नका. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यात कोर्सवर्क धरून. प्राध्यापकाला आठ विद्यार्थी घेता येतात, सहयोगीला सहा, सहायकाला चार. आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्याला नवीन विद्यार्थी घेता येत नाही, म्हणून नामांकित सरांच्या मागे धावण्याआधी त्यांचं वय काढा. गाइड निवडताना शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जाऊन त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध उघडा आणि त्यातलं आकडेवारीचं प्रकरण तेवढं वाचा. माणूस कळतो.

खोलीबद्दल एवढंच, की आधी पाण्याची टाकी बघा, मग भाडं विचारा. संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्वारीची भाकरी अंगवळणी पडते. भाताचे लाड मेसवर होत नाहीत, कोकणवाल्यांनी मन घट्ट करावं.

आता मुद्द्याचं. नवीन आलेला काय करतो, तर कुणाचा तरी जुना सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मिळवतो, जिल्ह्याचं नाव बदलतो आणि 'अमुक जिल्ह्यातील तमुक योजनेचा आर्थिक अभ्यास, विशेष संदर्भ ढमुक तालुका' असं शीर्षक टाकून मोकळा होतो. समितीपुढे ते पासही होऊन जातं. जिल्ह्यात पाऊल न टाकता ठरवलेला हा विषय मग तीन-चार वर्षं मानेवर बसतो.

साधी जिल्ह्यांच्या हद्दींची गोष्ट घ्या. जालना जिल्हा झाला 1981 ला, औरंगाबादेतून आणि परभणीचा परतूर तालुका घेऊन. लातूर 1982 ला उस्मानाबादेतून निघालं, हिंगोली 1999 ला परभणीतून. 1971 पासूनची मालिका घेऊन वाढीचा दर काढायला बसलात तर आकडे मधेच धाडकन पडतात. एका मौखिक परीक्षेला मी मागे बसले होते. पठ्ठ्यानं ऐंशीच्या दशकात उस्मानाबादचं पेऱ्याखालचं क्षेत्र घटलं म्हणून दुष्काळावर अख्खं प्रकरण लिहिलेलं. बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा पुसत विचारलं, "आणि लातूर कुठं गेलं?" पोराला प्रश्नच कळला नाही. उपाय अवघड नाही. नव्या जिल्ह्यांचे आकडे जुन्यात मिळवायचे आणि सगळी मालिका जुन्या हद्दीवर चालवायची. जालन्याच्या बाबतीत परतूरचा हिशेब तालुकानिहाय करावा लागतो, एवढीच कटकट.

त्याच्याही मागे जायचं तर निजामी राज्य लागतं. 1951 ची जनगणना मुंबई राज्याच्या खंडात शोधत बसू नका. हा भाग 1 नोव्हेंबर 1956 ला मुंबई राज्यात आला, त्याआधीचं सगळं हैदराबाद राज्याच्या खंडांत आहे. सन फसली, म्हणजे निजामी महसुली असतो, त्यात ढोबळमानानं 590 मिळवायचे. रुपया हाली शिक्क्याचा, म्हणजे निजामाचा स्वतःचा. सहा कलदार (ब्रिटिश रुपये) म्हणजे सात हाली. मूळ कागद बरेचसे उर्दूत. उर्दू येत नसेल आणि शिकायची तयारी नसेल तर 1948 च्या आधीचा विषय घेऊ नका, भाषांतर करणाऱ्याच्या भरवशावर प्रबंध होत नाही.

पण सगळ्यात महागात पडते ती चुकीच्या महिन्यात केलेली पाहणी. हे मी प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण मान डोलावून विसरतो. कोल्हापूरकडच्या एका हुशार मुलीनं विषय घेतला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांचं उत्पन्न आणि कर्ज. प्रश्नावली झकास होती. कोर्सवर्क उरकून ती जानेवारीत पाटोदा, शिरूर कासारकडे गेली. वाडीवर निम्म्या दारांना कुलपं, ओट्यावर म्हातारी माणसं आणि त्यांच्याकडे सोपवलेली नातवंडं. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, गळीत हंगाम संपला की गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. जानेवारीत घरी कोण सापडणार? तिनं जे भेटले त्यांचेच फॉर्म भरून आणले. म्हणजे ज्यांच्याबद्दल प्रबंध, तेच नमुन्यात नाहीत. गाइडनी गठ्ठा परत केला आणि एक वर्ष गेलं. खरं तर कोल्हापूरची पोरगी, ह्याच टोळ्या तिच्या गावच्या फडात उतरलेल्या असणार. तिथं बसून मुलाखती घेतल्या असत्या तरी चाललं असतं.

गेलात तरी काय विचारता ते महत्त्वाचं. उचल हे साधं कर्ज नाही. मुकादम हंगामाआधी पैसे देतो ते कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हंगामात तोडीच्या मजुरीतून ती फिटते, नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर चढते. तुमच्या फॉर्मात 'सावकारी कर्ज' आणि 'वार्षिक उत्पन्न' असे दोन रकाने असतील तर तोच पैसा एकदा इकडे, एकदा तिकडे धरला जातो. शिवाय 'कुटुंबप्रमुखाची मजुरी' विचारलीत की बाईचं काम कागदावरून गायब. उचलीसाठी स्वतंत्र रकाना करा: कधी घेतली, किती, फिटली किती, राहिली किती. आणि बाईला वेगळं बसवून विचारा. नवरा सांगतो तो आकडा आणि ती सांगते तो आकडा जुळत नाही, तेव्हा दोन्ही लिहून ठेवा.

सोयाबीनवाल्यांकडेही असंच. तुम्ही हेक्टर विचारता, शेतकरी सांगतो "चार बॅगा पेरल्या." उतारा सांगतो तोही बॅगेला. तीस किलोची बॅग असेल तर साधारण एक एकर, पण बॅग किती किलोची होती ते विचारल्याशिवाय गुणाकार करू नका. पेरणीत आणि काढणीत जाऊ नका, हाकलतील. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, गेलात तर प्रश्नावली खोलीवरच ठेवून जा. त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला असतं, तुम्हालाही आंबिल आणि भज्जी वाढतील, ओळखी होतील, फॉर्म नंतर भरता येतात.

इथली माणसं अगत्याची. चहा घेतल्याशिवाय उत्तर देणार नाहीत. पण विद्यापीठीय चर्चेत एक खोड आहे, काहीही विचारा, उत्तर 'अनुशेष', म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट. आणि बाहेरून आलेल्या आपल्या लोकांची खोड उलटी, सगळ्याला कारण 'इथले लोक आळशी'. दोन्ही वाक्यं मी विद्यार्थ्यांच्या कच्च्या मसुद्यात लाल पेनानं खोडते. प्रादेशिक असमतोलावरचा दांडेकर समितीचा 1984 चा अहवाल आणि केळकर समितीचा 2013 चा, दोन्ही समोर घेऊन बसा. दोघांनी मोजायची पद्धत कशी बदलली, तेवढ्यातच एका चांगल्या प्रकरणाचा ऐवज आहे. मराठवाड्याचं वैधानिक विकास मंडळ 1994 ला आलं आणि 2020 ला मुदत संपली, त्या काळावरही काम करण्यासारखं पुष्कळ आहे.

आपल्याकडच्यांचा अड्डा जमतो तो टाळा असं म्हणत नाही, पण रोज नको. तिथं गावाकडच्या माशांची आठवण आणि इथल्या उन्हाला शिव्या यापलीकडे काही होत नाही. वर्गातल्या बीड-परभणीच्या पोरांशी मैत्री करा. तलाठ्याकडे, बाजार समितीत, जिल्हा सांख्यिकी कार्यालयात ओळख त्यांचीच निघते.

पैशाचं. जेआरएफ असेल तर 2023 पासून महिना 37,000 आहेत. नसेल तर आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. कुठलीही फेलोशिप पहिल्या महिन्यापासून हातात पडेल असं धरू नका, सहा-आठ महिन्यांचा खर्च गाठीला असू द्या.

आणि "आठ दिवसांत पेपर छापून देतो" असा मेसेज तुम्हाला येणारच. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापण्याची सक्ती उरलेली नाही. यूजीसीची मान्य जर्नल्सची केअर यादीही 2025 मध्ये बंद झाली. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट आहे का, ते विभागात लेखी विचारा. असल्या जर्नलवाल्याला एक रुपया देऊ नका. ते पैसे पेट्रोलला ठेवा आणि शक्य असेल तर गावाकडची दुचाकी इकडं आणा. पाटोद्यापासून धारूरपर्यंतच्या वाड्यावस्त्या एसटीनं करायच्या म्हटल्या तर निम्मा दिवस फाट्यावर उभं राहण्यात जातो.