करंजीचं सामान तीन देशांत कसं मागावं

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस माझे तीन फोन ठरलेले. थोरली लेक न्यू जर्सीत, मुलगा लीड्सला, भाची मेलबर्नला. तिघांनाही घरचीच करंजी हवी असते. तिन्ही देशांत इंग्रजीच बोलतात, पण एकच यादी तिघांना पाठवली की कुणाचं ना कुणाचं तरी बिघडतंच. तुमचीही मुलं बाहेर असतील, तर यादी कशी करायची ते सांगते.

पहिला मैदा. अमेरिकेत ‘ऑल पर्पज फ्लोअर’ मागायचं, इंग्लंड-ऑस्ट्रेलियात ‘प्लेन फ्लोअर’. त्याच्याच शेजारी ‘सेल्फ रेझिंग’ची पिशवी असते, तिला हात लावू नका. तिच्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते. मुलाने पहिल्या वर्षी तीच आणली होती. करंज्या तेलात पावासारख्या फुगल्या आणि खुसखुशीतपणा गेला. फोनवर त्याचा आवाज ऐकून माझाच जीव तुटला.

साट्याला आपण तूप फेसून त्यात कॉर्नफ्लोअर घालतो. भारतात, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचं पांढरंशुभ्र सत्त्व. अमेरिकेत त्यालाच ‘कॉर्नस्टार्च’ म्हणतात. तिथे ‘कॉर्न फ्लोअर’ लिहिलेल्या पाकिटात मक्याचं दळलेलं पीठ असतं, बहुतेकदा पिवळं. त्या पिठाने पदर सुटत नाहीत. म्हणून यादीत नुसतं नाव लिहू नका. ‘पांढरं, चिमटीत धरलं की करकरतं’ असं पुढे लिहा.

पिठी साखर इंग्लंडमध्ये ‘आयसिंग शुगर’ आणि अमेरिकेत ‘पावडर्ड’ किंवा ‘कन्फेक्शनर्स शुगर’. गुठळ्या होऊ नयेत म्हणून तिच्यात बहुधा थोडं कॉर्नस्टार्च असतं. सारणाला ते चालतं, पाकाला चालत नाही. पाकाचे लाडू करायचे तर साधी दाणेदार साखरच घ्या. ‘कॅस्टर शुगर’ म्हणजे बारीक दाण्याची साखर. तिला पिठी समजू नका, मिक्सरमधून काढावी लागते.

खोबऱ्याचा कीस इंग्लंडमध्ये ‘डेसिकेटेड कोकोनट’ म्हणून मिळतो, त्यात साखर नसते. अमेरिकेत केकच्या सामानात ‘श्रेडेड कोकोनट’ असतं, त्यातलं बरंचसं गोड केलेलं आणि ओलसर. पाकिटावर ‘अनस्वीटन्ड’ हा शब्द असेल तरच घ्या. खसखस सुपरमार्केटात निळसर-काळी मिळते. चवीला ठीक, पण सारण काळपट दिसतं. पांढरी हवी तर भारतीय दुकान गाठा.

आता मोहन. इथे मला सर्वांत जास्त वेळ लागला, कारण शब्द तोच आणि माप निराळं. अर्ध्या किलो मैद्याला मी 6 टेबलस्पून कडकडीत तूप सांगते. अमेरिका-इंग्लंडच्या चमच्याने ते साधारण 90 मिलिलिटर होतं. ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून 20 मिलिलिटरचा, म्हणजे भाचीच्या पिठात 120 गेलं. तिच्या करंज्या तळणीत फुटल्या, सारण तेलात पसरलं. बिचारी समजत होती की मळणंच चुकलं. टीस्पून मात्र तिन्हीकडे 5 मिलिलिटरच्या आसपासच, त्यामुळे मी आता मोहनसुद्धा 18 टीस्पून असंच लिहून पाठवते. पीठ-साखर तर ग्रॅममध्येच द्या. अमेरिकेचा कप 240 मिलिलिटरच्या जवळपास, ऑस्ट्रेलियाचा 250.

शेव-चकलीचं तिखट अमेरिकेत ‘चिली पावडर’ म्हणून घेऊ नका. त्यात मिरचीबरोबर जिरं, लसूण, ओरेगॅनो असतं आणि शेवेला भलताच वास येतो. ‘केयेन’ म्हणजे नुसती मिरची, पण झणझणीत, म्हणून बेताने.

भाज्यांचं तेवढं कठीण नाही, त्या डोळ्यांना दिसतात. कोथिंबीर अमेरिकेत ‘सिलँट्रो’, इंग्लंडमध्ये पानं आणि धणे दोन्ही ‘कोरिअँडर’. ढोबळी मिरची अनुक्रमे ‘बेल पेपर’ आणि नुसतं ‘पेपर’, ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच ‘कॅप्सिकम’. वांगं ‘ब्रिंजल’ म्हणून मागाल तर या तिन्ही देशांत क्वचितच कुणाला कळेल. इंग्लंडमध्ये ‘ऑबर्जीन’ म्हणा, बाकी दोन्हीकडे ‘एगप्लांट’.

एवढं करूनही शंका उरली, तर मुलांना सांगा, दुकानातूनच पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, जिथे घटक छापलेले असतात. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असले तरी मी उठून बघते.