पृथ्वीचा गाभा: शिकताना आणि शिकवताना या चुका टाळा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पृथ्वीच्या अंतरंगाची प्रतिकृती हमखास असते. थर्माकोलचा अर्धगोल, मधोमध पिवळा गोळा आणि त्यावर चिठ्ठी: ‘गाभा, वितळलेलं लोखंड’. गोंधळ इथूनच सुरू होतो.

वितळलेला आहे तो बाह्य गाभा, साधारण 2,900 ते 5,150 किमी खोलीतला. त्याच्या आत, थेट केंद्रापर्यंत, अंतर्गाभा आहे आणि तो घन आहे. दोन्हींत मुख्यतः लोखंड, थोडं निकेल.

हे सांगितलं की मुलं लगेच म्हणतात, “म्हणजे आत थंड असणार.” ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पाठांतराने ती जात नाही. अंतर्गाभा बाह्य गाभ्यापेक्षाही तापलेला आहे, 5,000 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त. तरी तो घन राहतो तो दाबामुळे. केंद्राशी दाब आपल्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ 36 लाख पट असतो. घरचा कुकर आठवा: आत दाब वाढला की पाणी 100 अंशांना उकळत नाही, 120 च्या आसपास जावं लागतं. दाबाखाली लोखंडाचा द्रवणांकही, म्हणजे ते ज्या तापमानाला वितळतं ते तापमानही, असाच चढतो. खाली जाताना तापमान वाढतं, पण द्रवणांक त्याहून वेगाने वाढतो. 5,150 किमीवर तो तापमानाला गाठतो आणि पुढे लोखंड घन. मुलांकडून या दोन रेघांचा आलेख एकदा काढून घ्या, मग शंका उरत नाही.

पुराव्यातही गल्लत होते. तिथवर कोणी खणत गेलेलं नाही. रशियातलं कोला इथलं सर्वांत खोल छिद्रही 12,262 मीटरवर थांबलं. जे कळलं ते भूकंपलहरींवरून. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेले, 1897 च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करणारे रिचर्ड ओल्डहॅम यांनी 1906 मध्ये गाभ्याचा पुरावा मांडला. भूकंपाच्या दुय्यम लहरी, म्हणजे मागाहून पोहोचणाऱ्या लहरी, द्रवातून जात नाहीत, त्यावरून बाह्य गाभा द्रव असल्याचं ठरलं. उत्तरपत्रिकेत अंतर्गाभ्याचं श्रेयही याच लहरींना दिलेलं असतं, ते चूक आहे. 1929 च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या प्राथमिक, म्हणजे आधी पोहोचणाऱ्या, लहरी छायाप्रदेशात, म्हणजे जिथे त्या पोहोचायलाच नकोत तिथे, क्षीणपणे उमटल्या होत्या. डेन्मार्कच्या इंगे लेमान यांनी त्यावरून 1936 मध्ये आत आणखी एक गाभा असल्याचं दाखवलं.

‘गाभा म्हणजे मोठा लोहचुंबक’ हेही लिहू नका. 770 अंशांपुढे लोखंडाचं कायम चुंबकत्व टिकत नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र बाह्य गाभ्यातल्या द्रव धातूच्या प्रवाहांतून निर्माण होतं.

आणि लाव्हा गाभ्यातून येत नाही. आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट प्रावरणातून, म्हणजे भूकवच आणि गाभा यांच्यामधल्या थरातून आला. ते प्रावरण मुख्यतः घन आहे, फक्त अतिशय संथपणे सरकतं.

आता आकृती. भूकवच बोटभर जाड काढलं की बाकीचं सगळं प्रमाण बिघडतं. कंपासने 10 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याच केंद्रावरून गाभ्यासाठी 5.5 सेंमी आणि अंतर्गाभ्यासाठी 1.9 सेंमी त्रिज्या घ्या. भूकवचाला वेगळी पट्टी नको. या प्रमाणात त्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर भरते, बाहेरच्या वर्तुळाची पेन्सिलची रेघ तेवढीच असते.