नर्मदा परिक्रमेत उपनदीचा चकवा ओळखण्याची खूण

मैया उजव्या हाताला ठेवून चालावे, हा परिक्रमेचा नियमच वाटाड्या ठरतो. परंतु दक्षिण तटावर दुधी, शक्कर, तवा यांसारखी उपनदी आडवी आली की पायवाट तिच्या काठाने वळते, पाणी उजवीकडेच राहते आणि आपण नर्मदेपासून दूर जात आहोत हे लवकर ध्यानात येत नाही.

अशा वेळी प्रवाहात एखादे वाळके पान टाकून पाहावे.

१. दक्षिण तटावर पश्चिमेकडे जाताना पान आपल्या चालीच्या दिशेने वाहिले, तर ती नर्मदा.
२. पान आपल्याला सामोरे येऊ लागले, तर ती उपनदी समजावी. गावकऱ्यांना पूल किंवा उतार विचारून ती ओलांडावी, कारण ओलांडण्याची मनाई केवळ नर्मदेला आहे, आणि पलीकडच्या काठाने पुन्हा मैयाकडे यावे.

उत्तर तटावर ही खूण चालत नाही, कारण तेथे नर्मदाही सामोरीच वाहते. तेथे सकाळचा सूर्य समोर आहे ना, एवढे पाहावे.

धरणाच्या फुगवट्यात पाणी स्थिर असते आणि पान वाऱ्याने सरकते, म्हणून तेथे या खुणेवर विसंबू नये. पुढच्या गावाचे नाव विचारूनच निघावे.