बाळासोबत चित्रांचं पुस्तक बघताना या चुका टाळा

"पुस्तक दिलं की चावतो नाहीतर फाडतो, मग काय उपयोग?" सात-आठ महिन्यांच्या बाळांच्या आया हमखास विचारतात. अहो, या वयात प्रत्येक वस्तू तोंडात घालूनच कळते. चावू द्या. फक्त पातळ कागदाचं पुस्तक हाती देऊ नका; जाड पुठ्ठ्याच्या पानांचं, गोल कडांचं किंवा कापडी घ्या. पुठ्ठ्याचे तुकडे निघायला लागले, की मात्र ते लगेच काढून घ्या. घशात अडकतात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे परीक्षा घेणं. "हे काय? सांग ना, हे काय?" वर्षाच्या आतलं बाळ सांगणार कुठून? आपणच सांगायचं आणि थांबायचं. माझ्या लेकीसमोर मी मांजरीचं पान उघडायचे, "माऊ! माऊ दूध पिते," म्हणायचे आणि मनात पाच आकडे मोजायचे. तिसऱ्या-चौथ्या आकड्याला तिचे पाय हलायला लागायचे, मग "आऽऽ". मी म्हणायचे, "आऽऽ, हो गं, माऊच ती!" पुन्हा तिची पाळी. आपण भराभर पानं उलटली तर ही पाळी तिला मिळतच नाही. बोलण्याची सुरुवात या देवाणघेवाणीतच होते, म्हणून छापलेली गोष्ट अर्धवट राहिली तरी चालेल.

तान्ह्या बाळाला साधारण 20 ते 30 सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने गच्च भरलेली रंगीत पानं नकोत. काळं-पांढरं, ठळक, एका पानावर एकच चित्र पुरे.

बाळाने मान फिरवली, डोळे चोळले, की पुस्तक मिटा. दोन मिनिटं झाली तरी भरपूर झालं. आणि रोज तेच पुस्तक मागितलं तर कंटाळू नका, ओळखीचं चित्र पुन्हा दिसण्यात बाळांना फार आनंद असतो.

'ॲपल', 'डॉग'चीही घाई नको. घरात ज्या भाषेत लाड होतात, तीच पुस्तकात येऊ द्या: भूभू, चिऊ, हम्मा.

पुस्तकाऐवजी मोबाईलवर गाणी लावणं सोपं वाटतं, पण एक वर्षाखालच्या बाळांना स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितलंय. व्हिडिओ बाळाच्या "आऽऽ"साठी थांबत नाही.

विकतची पुस्तकं महाग वाटली तर जुन्या खोक्याचा पुठ्ठा कापा, त्यावर आजी-आजोबांचे, दारातल्या गाईचे फोटो चिकटवा आणि वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा. आमच्याकडे आजीच्या पानावरची पट्टी दोनदा बदलावी लागली.