लाकडाच्या लगद्याची आयात: दोन देशांची तुलना कशी करावी

अप्पा बळवंत चौकात वह्यांचे भाव चढतात, त्यामागे पुष्कळदा कागद ज्यापासून बनतो त्या परदेशातल्या लगद्याचा भाव असतो. लाकडाचा लगदा भारतही बाहेरून आणतो आणि चीन तर त्याचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे. या दोघांची आयात वर्षानुवर्षं कशी बदलली, हे घरबसल्या तपासता येतं. त्यासाठी गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्र शिकायला हवं असं नाही. नारायण पेठेतल्या छापखानेवाल्यालाही ते जमेल.

आधी कोड ठरवा. इथे घाई करू नका. जगभरचं सीमाशुल्क खातं माल एचएस कोडने, म्हणजे मालाच्या वर्गवारीच्या ठरलेल्या आकड्यांनी, ओळखतं आणि लगदा येतो प्रकरण ४७ मध्ये. ४७०१ ते ४७०५ हा लाकडाचा लगदा. ४७०६ मध्ये रद्दीपासून किंवा बांबूसारख्या इतर तंतूंपासून केलेला लगदा येतो आणि ४७०७ म्हणजे थेट रद्दी. अख्खं प्रकरण ४७ उचललंत, तर रद्दीही लाकडात मोजली जाईल. चीनच्या बाबतीत हा घोटाळा फार मोठा ठरतो, कारण २०२१ पासून तिथे टाकाऊ कागदाची आयात बंद आहे आणि रद्दीतली ती घट लगद्याची घट वाटेल. ४७०२ सुद्धा वेगळा काढा. तो डिझॉल्व्हिंग लगदा मुख्यतः व्हिस्कोस धाग्यासाठी जातो, म्हणजे वहीत नाही, कापडात. कागदाचाच अभ्यास करायचा असेल तर ४७०३ घ्या. रसायनांनी लाकूड शिजवून केलेला क्राफ्ट लगदा त्यातच मोडतो.

मग आकडे उतरवा. संयुक्त राष्ट्रांच्या ‘कॉमट्रेड’ या व्यापार-आकडेवारीच्या संकेतस्थळावर अहवाल देणारा देश म्हणून एकदा भारत, एकदा चीन निवडा. समोरचा देश ‘जग’, प्रवाह ‘आयात’. डॉलरमधलं मूल्य आणि निव्वळ वजन, दोन्ही घ्या. भारताचे आकडे आपल्या वाणिज्य मंत्रालयाकडून घेतलेत, तर तिथलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असतं. ते चीनच्या जानेवारी-डिसेंबरशेजारी ठेवू नका. रुपयातल्या आकड्यांनीही तुलना करू नका, नाहीतर रुपयाची घसरण आयातवाढ म्हणून दिसेल.

आता मूल्याला वजनाने भागा. माझ्या मते सगळ्या कामाचा जीव इथे आहे. समजा, एका वर्षी १० लाख टन लगदा ६० कोटी डॉलरला आला: टनाला ६०० डॉलर. काही वर्षांनी आयात ९० कोटींवर गेली. दीडपट! पण वजन ११.२५ लाख टनच असेल, तर टनाचा भाव ८०० डॉलर झालाय आणि माल जेमतेम साडेबारा टक्के वाढलाय. नुसतं मूल्य पाहणाऱ्याला देशाची कागदाची भूक वाढल्यासारखी वाटेल. प्रत्यक्षात बरीचशी वाढ भावाची आहे.

दोन्ही देशांचा टनामागचा भाव एकत्र वर चढला, तर कारण बहुधा जागतिक बाजारात आहे. एकाचाच चढला, तर त्याने घेतलेल्या लगद्याचा प्रकार बदलला का ते पाहा. एखाद्या वर्षी भाव अचानक दहापट दिसला, तर वजनाची नोंद चुकली असावी. ते वर्ष बाजूला ठेवा आणि तसं लिहून ठेवा.

शेवटी आलेख. चीनच्या आकड्यांपुढे भारताची रेघ तळाशी चिकटते. म्हणून दोघांचं सुरुवातीचं, म्हणजे पायाभूत, वर्ष १०० धरा आणि पुढची वर्षं त्या प्रमाणात मांडा. मूल्याचा एक आणि वजनाचा एक असे दोन आलेख काढा. पायाभूत वर्ष मात्र साधं निवडा, भाव कोसळलेलं किंवा भडकलेलं नको.